लक्ष्मीबाई टिळक : लेखणी उशिरां हातीं आली तरी

लिहावयास शिकूं इच्छिणारीं माणसें आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांतही पुष्कळ आहेत. कोणाला एखादें भजन रचावेंसें वाटतें, कोणाला आपल्या आजीनें सांगितलेली हकीकत गोष्टीच्या रूपानें लिहून ठेवावीशी वाटते. परंतु कागद पुढें घेतला कीं तीन अडचणी मनांत उभ्या राहतात. शिक्षण थोडें, व्याकरण कच्चें, आणि लिहिण्याजोगें आपल्या आयुष्यांत घडलें तरी काय? या तिन्ही अडचणी जिच्या वांट्याला पुरेपूर आल्या होत्या, अशा एका भगिनीचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवीत आहों. तिचें नांव महाराष्ट्रांत सर्वांस ठाऊक आहे. ती लिहावयास कशी शिकली, हें मात्र थोडक्यांच्याच ध्यानांत असतें.

बालपण

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालीं नाशिकजवळील जलालपूर या गांवीं गोखल्यांच्या घराण्यांत झाला. माहेरचें नांव मनकर्णिका. त्यांच्या जन्मापूर्वीं दहाबारा वर्षें या कुटुंबावर मोठा आघात झाला होता. १८५७ च्या बंडाच्या धामधुमींत त्यांच्या आजोबांस, म्हणजे आईच्या वडिलांस, फांशी देण्यांत आलें. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनानें सोवळ्याओवळ्याचा विलक्षण ध्यास घेतला. बाजारांतून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरांत घ्यावयाचा नाहीं, अगदीं मीठसुद्धां धुवावयाचें, इथपर्यंत मजल गेली. त्या कडक शिस्तीखालीं आई व मुलें दबून गेलीं होतीं. पुढें म्हातारपणीं लक्ष्मीबाईंनीं या दिवसांचें वर्णन केलें, तें वाचतांना हसूं आवरत नाहीं. आणि हसतां हसतांच त्या माउलीची व त्या लेंकरांची कींव येते.

लक्ष्मीबाई शाळेंत गेल्या नाहींत. परंतु अक्षर न ओळखणाऱ्या मुलीलाही भाषेचें शिक्षण मिळत असतें. त्या काळच्या घरांत पहांटे जात्यावर ओव्या चालत, सणावारीं बायका व्रतांच्या कहाण्या सांगत, देवळांत पुराण व कीर्तन होई. ओवीनें कानाला ताल लागतो. कहाणीनें गोष्टीची बांधणी समजते : कोणावर संकट आलें, त्यानें काय केलें, शेवटीं काय झालें. मुलगी अशा वातावरणांत वाढली म्हणजे लेखणी हातीं येण्याच्या पुष्कळ आधीं निम्मा धडा तिला पाठ झालेला असतो. आपल्या खेड्यांतील भगिनींनीं ही गोष्ट नीट लक्षांत घ्यावी.

अक्षरओळख

वयाच्या अकराव्या वर्षीं त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशीं झाला. टिळक रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवचे. संस्कृताचा त्यांचा व्यासंग दांडगा होता, काव्यरचना तर बोलतां बोलतां होई. मन अतिशय उदार. परंतु राग क्षणांत चढे व क्षणांत उतरे, आणि एका नोकरींत किंवा एका गांवीं पाय ठरत नसे. अशा मनुष्याच्या संसारांत स्वस्थता कोठली? घरांत खाण्यापिण्याची ओढ असतां जिन्नस आणावयास दिलेले पैसे टिळकांनीं एका सुरेख दौतीवर खर्च केले, ही हकीकत लक्ष्मीबाईंनींच लिहून ठेविली आहे. पोट रिकामें आणि घरांत दौत मात्र सुंदर, असा तो संसार होता.

याच पतीनें त्यांना मुळाक्षरें शिकविलीं. ही शिकवणी कधीं मोठ्या उत्साहानें सुरू होई, कधीं गुरुजींच्या रागापायीं बंद पडे, तर कधीं बिऱ्हाडच हालल्यामुळें राहून जाई. अशा तुटक अभ्यासांतून त्या वाचूं लागल्या आणि जेमतेम लिहूंही लागल्या. जोडाक्षरांनीं व ऱ्हस्वदीर्घांनीं त्यांना पुढेंही छळलें. पंडितांच्या दृष्टीनें त्यांचें शुद्धलेखन अखेरपर्यंत अशुद्धच राहिलें. ज्यांनीं एवढी कीर्ति मिळविली त्यांची सुरुवात इतकी साधी होती.

वियोग आणि पहिल्या कविता

ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं टिळकांनीं मुंबईंत बाप्तिस्मा घेतला. ही बातमी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळावें तशी कोसळली. पति जिवंत असून त्याच्यापाशीं जाणें नाहीं, पदरांत दत्तू नांवाचा लहान मुलगा, आप्तांच्या आधारावर राहणें, आणि भोंवतालीं लोकांची कुजबूज! हे दिवस त्यांनीं पुष्कळसे पंढरपुरांत काढिले. दुःख इतकें तीव्र होतें कीं त्यांच्या प्रकृतीची व मनाची घडीच विसकटली.

या वियोगाच्या काळांत त्यांच्या हातून पहिल्या कविता उतरल्या. कवयित्री व्हावें, मासिकांत नांव यावें, असा हेतु त्यांत नव्हता. मनांतलें बोलावयास दुसरें कोणी जवळ नव्हतें, तें कागदाशीं बोलल्या. वृत्ताचे नियम त्यांनीं कोणत्या पुस्तकांत वाचले नव्हते. लहानपणापासून कानांत बसलेले ताल तेवढे होते, आणि त्या तालांत शब्द आपोआप बसूं लागले. नवशिक्या कवींना येथें एक मोठा धडा आहे. पुष्कळ नवशिके पहिल्याच दिवशीं चंद्र, कमळ, कोकिळा यांजवर लिहूं लागतात, कारण कविता अशाच विषयांवर असते अशी त्यांची समजूत असते. लक्ष्मीबाईंजवळ अशी समजूत बाळगण्यापुरतेंही शिक्षण नव्हतें. त्यांच्यापुढें एकच विषय होता, आणि तो खरा होता. दुःख शब्दांत मांडल्यानें दुःख गेलें नाहीं. परंतु त्याला बाहेर पडण्यास वाट मिळाली व मन ठिकाणावर राहिलें.

कांहीं वर्षांनीं पतिपत्नींची पुन्हा भेट झाली आणि त्या अहमदनगर जिल्ह्यांत पतीकडे राहावयास आल्या. (अहमदनगरास आतां अहिल्यानगर म्हणतात.) प्रथम त्यांनीं आपलें सोवळें व आपलें अन्न वेगळेंच ठेविलें. टिळकांनींही त्यांजवर आपल्या धर्माची सक्ति केली नाहीं. मात्र लक्ष्मीबाईंच्या मनांत विचार चालूच होता. मनुष्यामनुष्यांतील हा भेद देवानें केला कीं माणसानें? राहुरीस असतां एके दिवशीं त्यांचें उत्तर ठरलें, आणि ठरल्याबरोबर कोणाच्याही हातचें अन्नपाणी घेण्याचा त्यांनीं निश्चय केला. १९०० सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. जन्मापासून अंगीं मुरलेली गोष्ट स्वतःच्या विचारानें सोडावयास किती धैर्य लागतें, हें ज्यांनीं अनुभविलें तेच जाणतात. आपल्या मनाचा असा सरळ शोध घेण्याची त्यांची संवय पुढें त्यांच्या लेखनास फार उपयोगी पडली.

नगरचें घर

अहमदनगरचें टिळकांचें घर म्हणजे एक धर्मशाळाच होती. अनाथ मुलें, विद्यार्थी, पाहुणे आणि कवि यांची तेथें सदा वर्दळ असे. टिळकांना १९०४ सालीं पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ते ज्ञानोदयाच्या मराठी भागाचें संपादन करूं लागले. त्यांचीं भजनें आजही आपण उपासनेंत गातों. या घरांत कविता हा नित्याचा व्यवहार होता. नवी कविता झाली कीं ती मोठ्यानें वाचली जाई, आवडली तर वाहवा होई, खटकलेला शब्द बदलला जाई. स्वयंपाकघरांतून लक्ष्मीबाई हें सर्व ऐकत असत.

जळगांवच्या १९०७ सालच्या कविसंमेलनांत ज्यांना बालकवि ही पदवी मिळाली, ते त्र्यंबक बापूजी ठोमरे त्यानंतर टिळकांच्या घरीं येऊन राहिले. वय अवघें सतरा-अठरा. स्वभाव हट्टी, भोळा व भित्रा. लक्ष्मीबाईंनीं त्यांना मुलाप्रमाणें वागविलें. १९१८ सालीं भादली येथें आगगाडीखालीं सांपडून ठोमरे गेले, तेव्हां त्यांचें वय अट्ठावीसही नव्हतें. पुढें लक्ष्मीबाईंनीं त्यांचें जें शब्दचित्र काढिलें, त्यांत कवीची थोरवी थोडी व घरांतल्या मुलाच्या खोड्याच अधिक आहेत. परंतु ज्यांना बालकवींची एकही कविता ठाऊक नाहीं त्यांच्याही डोळ्यांपुढें तें पोर उभें राहतें. स्तुतीची विशेषणें दहा घातलीं तरी जें साधत नाहीं, तें एका खऱ्या खोडीनें साधतें.

या सहवासांत लक्ष्मीबाईंची स्वतःची कविताही वाढली. पति प्रसिद्ध कवि असतां त्यांच्याच थाटाचें लिहूं लागणें सोपें होतें. संस्कृत शब्दांची आरास करण्याचा मोह कोणालाही झाला असता. लक्ष्मीबाईंनीं मात्र आपली भाषा सोडिली नाहीं. त्यांच्या एका गाजलेल्या कवितेंत करंज्या व मोदक आले आहेत! स्वयंपाकघरांतला जिन्नस घ्यावा, त्यावर थट्टेचा शिडकावा करावा, आणि वाचणाऱ्याला नकळत विचारांत पाडावें, अशी ती रीत होती. टिळकही त्यांना लिहिण्यास उत्तेजन देत. ज्या घरांत एकाचें लिहिणें दुसरा आस्थेनें ऐकतो, तें घर म्हणजे लिहिणाऱ्याची शाळाच होय.

ख्रिस्तायन

टिळकांनीं प्रभु येशूच्या जीवनावर ख्रिस्तायन नांवाचें महाकाव्य आरंभिलें होतें. त्याचे सुमारे दहा अध्याय झाले असतां ता. ९ मे १९१९ रोजीं मुंबईंत त्यांचें देहावसान झालें. ग्रंथ अपुरा राहिला. मोठमोठ्या पंडितांनीं हात लावण्यास कचरावें असें तें काम. तें या पन्नाशी उलटलेल्या, शाळा न पाहिलेल्या विधवेनें हातीं घेतलें. तिनें किती लिहावें? पतीनें दहाएक अध्याय लिहिले होते, तिनें पुढें चौसष्ट लिहिले.

हें कसें शक्य झालें याचा थोडा विचार करूं. ख्रिस्तायन ओवींत आहे. शार्दूलविक्रीडितासारख्या गणवृत्तांत प्रत्येक चरणांत १९ अक्षरें असावीं लागतात व लघुगुरूंचा क्रमही ठरलेला असतो. तेथें शिकलेल्यांचीही त्रेधा उडते. ओवीचें तसें नाहीं. पहिल्या तीन चरणांना एक यमक, चौथा चरण आंखूड व मोकळा, अक्षरें थोडीं कमीअधिक झालीं तरी चालतें. म्हणून कथा सांगावयास ती फार सोईची. ज्ञानेश्वर, एकनाथ यांनीं तीच घेतली, आणि १६१६ सालीं गोव्यांत राशोल येथें छापून निघालेल्या ख्रिस्तपुराणासाठीं फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्यानेंही तीच घेतली. लक्ष्मीबाईंना ती कोणी शिकवावी लागली नाहीं. ज्या छंदावर जात्याची खुंटी फिरे, त्याचीच ती थोरली बहीण. नवशिक्यानें आपल्या कानाला जो छंद जन्मापासून ठाऊक आहे त्यांतच प्रथम लिहावें. अवघड वृत्तें मागाहून शिकतां येतात.

दुसरी गोष्ट नेटाची. चौसष्ट अध्याय एका आवेशांत होत नसतात. घरांतलीं कामें, नातवंडें, दुखणीं सांभाळून आज थोडें, उद्यां थोडें, असें वर्षानुवर्षें लिहीत गेल्यानेंच तें झालें. आरंभ करणारे पुष्कळ असतात. शेवटास नेणारे थोडे, आणि दुसऱ्याचें अपुरें काम शेवटास नेणारे त्याहून थोडे.

स्मृतिचित्रें

पुत्र देवदत्त यांस वडिलांचें चरित्र लिहावयाचें होतें. त्यासाठीं त्यांनीं आईला तिच्या आठवणी लिहून काढावयास सांगितलें. आई लिहूं लागली. लिहितां लिहितां पतीच्या चरित्राचें साधन म्हणून सुरू झालेलें तें लेखन तिचें स्वतःचेंच पुस्तक झालें. स्मृतिचित्रें या नांवानें त्याचे भाग १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागले. चौथा भाग पुरा होण्यापूर्वींच लक्ष्मीबाई गेल्या व तो देवदत्तांनीं पुरा केला. मराठींत जीं आत्मचरित्रें झालीं त्यांत याचें स्थान अगदीं पुढचें आहे. १९५० सालीं जोसेफिन इंकस्टर यांनीं केलेलें त्याचें इंग्रजी भाषांतरही प्रसिद्ध झालें.

जे गोष्टी लिहावयास शिकत आहेत त्यांनीं हें पुस्तक घरीं आणून वाचावें, आणि एकदां वाचून ठेवूं नये. त्यांतील प्रत्येक आठवण म्हणजे एक लहान गोष्टच आहे. लक्ष्मीबाई प्रस्तावना करीत नाहींत. प्रसंग सुरू होतो तेथूनच सुरुवात करितात. माणसें काय बोललीं, कोणी काय केलें, घरांत कोणती वस्तु होती व कोणती नव्हती, हें सांगतात. प्रसंग संपला कीं थांबतात. दौतीचीच हकीकत पाहा. नवऱ्याच्या उधळेपणावर तेथें एखादें प्रवचन झोडतां आलें असतें. तें त्यांनीं केलें नाहीं. दौत आणि रिकामी चूल शेजारीं शेजारीं ठेविल्या. पुढचें वाचकांवर सोंपविलें.

त्यांचा विनोदही असाच. त्या पतीला हसतात, पण त्याआधीं स्वतःला हसतात. ज्या सोवळ्यानें बालपण करपलें, ज्या वियोगानें तारुण्य जाळलें, ज्या समाजानें बोटें दाखविलीं, त्यांपैकीं कोणावरही त्या विष ओकत नाहींत. तसेंच कांहीं लपवीतही नाहींत. टिळकांचा राग आहे तसा येतो व टिळकांचें प्रेमही आहे तसें येतें. पतीला देव करून सोडलें असतें तर वाचकांनीं त्याला दुरून नमस्कार केला असता. माणूस म्हणून दाखविल्यामुळें वाचक त्याच्यावर प्रेम करितात. ज्यांना आपल्या वडील माणसांविषयीं लिहावयाचें असेल त्यांनीं हें विशेष ध्यानांत धरावें. मंडळींतल्या एखाद्या जुन्या सेवकाचें चरित्र लिहितांना आपण त्याचे केवळ सद्गुण ओळीनें मांडतों, आणि वाचणाऱ्याला तो मनुष्य मुळींच दिसत नाहीं.

या पुस्तकाची भाषा बोलण्याची आहे. अंगणांत बसून एखादी म्हातारी सांगत असावी तशी ती चालते. शुद्धलेखनाचे दोष दुसऱ्या कोणालाही सुधारतां आले असते. परंतु मीठ धुणारे वडील, पंढरपूरचे ते दिवस, आणि पतीनें आणलेली ती दौत, हें दुसऱ्या कोणाला घालतां आलें नसतें; कारण तें दुसऱ्या कोणीं तसें भोगलें नव्हतें.

अखेरचे दिवस

१९३३ सालीं नागपूर येथें भरलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद लक्ष्मीबाईंना देण्यांत आलें. ज्या मुलीला शाळेचा उंबरठाही ओलांडतां आला नव्हता ती लेखकांच्या सभेंत अध्यक्ष म्हणून बसली. ता. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं नाशिक येथें त्यांचा अंत झाला. त्यांनीं पुरें केलेलें ख्रिस्तायन त्यानंतर दोन वर्षांनीं, १९३८ सालीं, प्रसिद्ध झालें. त्यांच्या कवितांचा भरली घागर हा संग्रहही मागाहूनच निघाला. आपलें पुष्कळसें काम छापलेलें त्यांच्या दृष्टीस पडलें नाहीं. परंतु तें करून ठेवलेलें होतें, म्हणून छापतां आलें.

आपणांस काय शिकावयाचें?

आपल्या मंडळ्यांत आज साक्षरता वाढली आहे. लक्ष्मीबाईंना जीं जोडाक्षरें जड गेलीं तीं आपलीं लहान मुलें सहज लिहितात. तरी आपल्या घरांतल्या हकीकती लिहिल्या जात नाहींत. आजोबांनीं गांवाची विहीर बंद झाली असतां दिवस कसे काढिले, दुष्काळांत कोणाच्या घरीं चूल पेटली व कोणाच्या घरीं नाहीं, आजीनें मुलीला शाळेंत घालतांना कोणाकोणाचा विरोध सोसला, हें सर्व जुन्या माणसांपाशीं आहे. तीं माणसें एकेक करून जात आहेत, आणि त्यांच्याबरोबर त्या गोष्टीही जात आहेत. कोणी पंडित शहरांतून येऊन त्या लिहील अशी वाट पाहण्यांत अर्थ नाहीं. त्याला त्या घराची वाटही ठाऊक नाहीं.

म्हणून ज्याला लिहावयाचें आहे त्यानें एक वही घ्यावी व रोज रात्रीं, घरांतलीं कामें आटोपल्यावर, एकच प्रसंग लिहावा. स्वतः पाहिलेला किंवा पाहणाऱ्याच्या तोंडून ऐकलेला असावा. घरांत जी भाषा बोलतों तीच वापरावी. कविता करावयाची असेल तर ओवी किंवा अभंग घ्यावा, आणि लिहून झाल्यावर मोठ्यानें म्हणून पाहावा. जेथें जीभ अडखळेल तेथें शब्द बदलावा. मग घरांतील कोणाला तरी वाचून दाखवावें. ऐकणारा जेथें जांभई देईल तें काढून टाकावें, जेथें तो पुढें काय झालें म्हणून विचारील तेथें आणखी लिहावें. ऱ्हस्वदीर्घ शाळेंतल्या मुलाकडून अथवा मास्तरांकडून तपासून घेतां येतें. त्यांत कमीपणा कसला?

आणि ज्या घरीं आजी आहे तेथें हें काम आजच करावें. तिला लिहितां येत नसेल तर तिनें सांगावें व नातवानें लिहावें. तिचे शब्द बदलूं नयेत.